दक्षिणेकडची बाकं

ड्रमहिल, पेनसिल्व्हेनिया
७ सप्टेंबर १९५८

अंद्रेय,

तिसऱ्या धक्क्याला दार उघडलं आणि मी खांद्यासकट आत गेले. कुलूप केव्हाच निघालं होतं, दारच चौकटीत रुतून बसलं होतं. मागून यानो काका म्हणाले, "पोरी, तुला खाणीत घेतलं असतं तर सुरुंग लागले नसते."

पाच वर्षांनी प्रॉसरबाईंची शाळा उघडली. खडूचा वास अजून तसाच आहे.

बाई गेल्याचं आईने तुला कळवलं होतं. एक्याऐंशी वर्षं जगल्या, त्यातली चौपन्न या एका खोलीत. गळ्यातल्या दोऱ्यात शाळेची किल्ली होती. शनिवारी, ११ ऑक्टोबरला, त्यांच्या आठवणीसाठी गावजेवण ठेवलंय, शाळेतच. दीडशे माणसं होतील. कोलेसारबाई समितीच्या प्रमुख आहेत, म्हणजे आम्ही सगळे त्यांचे नोकर.

जागेची अडचण नाही. बाकं सगळी दक्षिणेच्या खिडक्यांना चिकटून, एकात एक घुसवल्यासारखी. उत्तरेकडची अर्धी खोली मोकळी. आपल्या वेळी बाकं खोलीभर होती ना? कोलेसारबाई म्हणतात, शेवटी बाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून मुलं जवळ ओढली. आमच्या पथ्यावर पडलं. मोकळ्या भागात मंच बांधायचा, त्यावर चर्चची तीस मुलं गातील. माझी इलोना पहिल्या रांगेत आहे.

बाईंच्या वडिलांची पहारही कपाटात सापडली. आठवतं? रोज सकाळी बाई चारही कोपऱ्यांत फरशीवर तीन-तीन ठोके मारायच्या, मग "मुलांनो, बसा." आपण उत्तरादाखल बाकावर मुठीने तीन ठोके द्यायचो. त्यावरून कोलेसारबाईंना सुचलं की प्रार्थना संपली की दीडशे माणसांनी एकदम तीनदा पाय आपटायचे. ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला.

तू त्यांचा लाडका. पानभर आठवण लिहून पाठव, मी वाचून दाखवीन.

तुझी
वेरोना


क्लीव्हलंड
१४ सप्टेंबर

प्रिय वेरोना,

पत्र मिळालं. बाईंबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

त्यांनी मला टाक धरायला शिकवलं. कागदावर डाग पडला तर तो ब्लेडने अलगद खरवडायचा आणि तिथला कागद अंगठ्याच्या नखाने घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे नवी शाई पसरत नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी तीस वर्षं नकाशे काढले, आधी तिथे कंपनीच्या कचेरीत आणि नंतर इथे. वाचायचं तर एवढं वाच.

जेवण शाळेतच कशाला? ऑक्टोबरात ऊन चांगलं असतं. ओढ्यापलीकडच्या झाडीत लांब टेबलं मांडता येतील, मुलांना पळायला जागा होईल. आणि पाय आपटणं बाईंना आवडलं नसतं. त्यांना आवाज सहन होत नसे.

दार का रुतलं होतं, हे कोणी पाहिलं का? सहज विचारतो.

मावशीला नमस्कार.

अंद्रेय


ड्रमहिल
१९ सप्टेंबर

अंद्रेय,

क्लीव्हलंडची हवा लागली की माणूस मावशीच्या गावाला पंगत कुठे मांडायची ते शिकवतो, असं आई म्हणाली. मी नाही.

झाडीत ऑक्टोबरात ऊन असतं, हे खरं. चारपर्यंत. त्यानंतर हालुश्कीच्या शेवयांवरचं लोणी गोठतं. आणि बाईंना आवाज सहन होत नव्हता? रोज सकाळी बारा ठोके मारणाऱ्या बाईंना? तुझी आठवण अशी पातळ का झाली, कळत नाही. तुझं पान मी वाचलं, पण ते शाईबद्दल आहे, बाईंबद्दल नाही. दुसरं लिही. कोलेसारबाईंनीसुद्धा चार पानं भरली आहेत, आणि त्यांना बाईंनी तीनदा त्याच इयत्तेत बसवलं होतं.

माझ्याकडे आता गठ्ठा झालाय. प्रत्येकजण काही ना काही सांगतो. पगारवाटप्याने आपल्या बापांची आडनावं कापून छोटी केली होती, पण बाईंनी पहिल्या दिवशी आयांना बोलावून पुरी नावं म्हणून घेतली आणि हजेरीपटात तशीच लिहिली. एखादं मूल तीन दिवस आलं नाही तर चौथ्या दिवशी दारात उभ्या. स्वतःचे वडील खाणीत छत कोसळून गेले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, तरी खाणीविरुद्ध कधी शब्द काढला नाही. पासष्टाव्या वर्षी त्यांना निवृत्तीचं पत्र आलं, ते त्यांनी लाल शाईने चुका दुरुस्त करून परत पाठवलं. पुन्हा कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मी गेले की नवी बाई येईल आणि बाकं सरळ करेल." यावर सगळे हसतात. टेकडीपलीकडे नवी शाळा झाली आणि मुलांना न्यायला बस यायला लागली, तेव्हाच निघाल्या. वय शहात्तर. कुलूप स्वतः लावलं.

दाराचं विचारलंस. सोमवारी यानो काकांनी रंधा मारून सरळ केलं. गुरुवारी पुन्हा रुतलं. ते म्हणतात लाकूड पावसाने फुगलं. महिनाभर पाऊस नाही. शाळेच्या विहिरीचा दोरही पाण्याला पुरेना, दोन हात जोडावा लागला.

फादर म्हणाले, हवं तर चर्चचं तळघर घ्या. पण तिथे शंभरच मावतील.

नावांची यादी करायला जुने हजेरीपट काढलेत. प्रत्येक दिवसाखाली चार बारीक खुणा आहेत, ठिपका किंवा गोल. चांगल्या वागणुकीच्या असाव्यात.

वेरोना


क्लीव्हलंड
२५ सप्टेंबर

वेरोना,

चर्चमध्येही नको. ओढ्यापलीकडेच घ्या.

माझ्याकडची मागची खोली रिकामी आहे. मावशीला आणि इलोनाला थोडे दिवस पाठव. हवापालट होईल. लवकर पाठव.

पहार कोणाच्या हातात देऊ नकोस. किंवा असं कर, यानो काकांच्या हातात दे.

अंद्रेय


ड्रमहिल
३ ऑक्टोबर

अंद्रेय,

पहार यानो काकांच्या हातात दिली.

आधी मला वाटलं तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. आईने विचारलं, "हवापालट? क्लीव्हलंडला? तिथे हवा आहे?" मी तुझं पत्र घडी करून ठेवलं आणि हजेरीपट उघडून बसले. मग जे दिसलं ते असं आहे.

१८९९ पासून रोज चार ठिपके. एकोणचाळीस वर्षं ठिपके. ७ नोव्हेंबर १९३८, सोमवार, पहिला गोल. तो चारांतला उजवीकडे वरचा. पुढचे दिवसही तसेच. १४ नोव्हेंबरला शेऱ्यात एक ओळ आहे: "उजेडासाठी बाकं हलवली." त्यानंतर १९४४ मध्ये डावीकडे वरचाही गोल होतो. बाईंनी शाळा सोडली त्या वर्षी दोन्ही वरच्या खुणा गोल, खालच्या दोन्ही ठिपके.

चार खुणा, चार कोपरे, वरचे दोन उत्तरेचे. हे मुलांच्या वागणुकीचं नव्हतं.

मी हजेरीपट घेऊन यानो काकांकडे गेले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पहार उचलली आणि आम्ही शाळेत गेलो. ते दक्षिणेच्या खिडकीखाली गुडघ्यावर बसले, डावा तळहात फरशीला लावला आणि उजव्या हाताने ठोकलं. खाणीत छत भक्कम आहे का ते कळायला हात लावून ठोकतात तसंच, फक्त उलटं. आवाज भरीव आला. मग ते मंचाकडे गेले. मंच अर्धा बांधून झालाय. त्याच्यापुढे ठोकलं. डब्यासारखा आवाज आला. त्यांनी हात झटकन उचलला, जसा काही तवा तापला होता.

"पन्नास वर्षं मी डोक्यावरचं ठोकत आलो," ते म्हणाले. "पायाखालचं एकदाही नाही. वर आलं की सुटलो, असंच वाटायचं सगळ्यांना."

"ही बाई रोज आपल्या डोळ्यांदेखत ठोकत होती," मी म्हटलं. "आणि आपण बाकं बडवत होतो."

"मी पण बडवली," ते म्हणाले. "आणि सकाळी बडवून दुपारी बापाचा डबा घेऊन खाणीवर जायचो. तिथे बाप छत ठोकत असायचा. तरी दोन्ही कधी एकत्र जोडले नाहीत."

कोलेसारबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "यानो, तुला बायकोची हाक ऐकू येत नाही, खाण काय ऐकू येणार?" सुरुंगाने काकांचा एक कान गेलाय, ते गावाला माहीत आहे. यानो काका म्हणाले, "बायकोची येते, कोलेसारबाई. म्हणून तर दुसरा सांभाळून ठेवलाय."

पण त्या हटल्या नाहीत. कंपनी बंद झाल्यावर जुने नकाशे नगरपालिकेत आले, तिथून त्यांनी एक आणला आणि सगळ्यांपुढे टेबलावर पसरला. शाळेखाली, वरची जमीन पेलायला सोडलेले कोळशाचे पाच खांब, पाचही भक्कम काळे. म्हणजे कोळसा उभा आहे, कोणी हात लावलेला नाही. शाळा, चर्च आणि सेकंड स्ट्रीटखालचा कोळसा काढायचा नाही, असं कंपनीने लिहूनच दिलं होतं. "कागद खोटं बोलतो का?" त्यांनी विचारलं.

नकाशाच्या कोपऱ्यात सही आहे. अं. साबोल, १९३८.

तू म्हणतोस शाळेत नको, चर्चमध्ये नको, आईला पाठव, इलोनाला पाठव. का ते सांगत नाहीस. यानो काकांचा कान म्हणतो पोकळ. तुझा नकाशा म्हणतो भरीव. दीडशे माणसं आणि माझी इलोना मी कशावर उभी करू, एवढं एक लिही. दुसरं काही लिहू नकोस.

समिती पुढच्या शुक्रवारी ठरवणार आहे.

वेरोना


क्लीव्हलंड
७ ऑक्टोबर

वेरोना,

यानो काकांच्या कानावर उभी कर.

शाळेखाली काही नाही. पाचही खांब १९३८ च्या उन्हाळ्यात काढले. चर्चखालचे तीन काढले. सेकंड स्ट्रीटखाली, पेट्रिकांच्या घरापासून तुझ्या घरापर्यंत, एकाआड एक काढले. तुझ्या घराचा पुढचा भाग उभ्या खांबावर आहे. मागचा नाही. खाणीतलं पाणी उपसणारे पंप बंद झाल्यापासून खाली पाणी चढतंय, आणि उरलेले खांब पाण्यात किती वर्षं टिकतात ते मला माहीत नाही. कोणालाच नसेल.

मी नकाशा आधी खरा काढला होता. खांब गेले तिथे कागद कोरा ठेवला. आमच्या कचेरीच्या हॅलोवेलसाहेबांनी तो परत माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, साबोल, तुझ्याकडून काही राहून गेलंय. मी समजलो. माझं लग्न ठरलं होतं. असं लिहिलं की ते कारण वाटतं. ते कारण नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मी केलं, एवढंच. कोऱ्या जागांच्या कडा ब्लेडने खरवडल्या आणि आत काळी शाई भरली. एक दुपार लागली.

नोव्हेंबरात, एका गुरुवारी, शाळा सुटल्यावर प्रॉसरबाई कचेरीत आल्या. कोट तसाच अंगात, बोटांना खडू. म्हणाल्या, "अंद्रेय, माझ्या शाळेखाली काय आहे ते मला दाखव." हॅलोवेलसाहेब दारात उभे होते. मी नकाशा उलगडला आणि म्हणालो, "भरीव कोळसा, बाई. पाच खांब."

त्यांनी चष्मा काढून नकाशा जवळून पाहिला. काळ्या चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता, साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "शाई पसरली आहे. नखाने घासायला विसरलास."

आणि "थँक्यू, अंद्रेय," असं मोठ्याने म्हणून गेल्या. सोमवारी त्यांनी बाकं हलवली. ते मला तुझ्या पत्रातून कळलं.

त्यांच्याकडे एक पहार होती आणि माझ्याकडे सही केलेला नकाशा. त्या शाळेच्या बोर्डापुढे गेल्या असत्या तर बोर्डाने हाच नकाशा पसरला असता, जसा परवा तुमच्यापुढे पसरला गेला. कदाचित गेल्याही असतील. वय उलटूनही अकरा वर्षं त्या निवृत्त का झाल्या नाहीत, ते तू मला विनोद म्हणून लिहिलंस. मी ते वाक्य वाचून टेबलावरून उठलो.

पुढच्या वर्षी मी ड्रमहिल सोडलं. त्यांनी मला दर नाताळला कार्ड पाठवलं. त्यात कधी काही नव्हतं. फक्त माझं पूर्ण नाव, नीट लिहिलेलं.

फादरांच्या घरी फोन आहे, मला माहीत आहे. दोनदा नंबर मागितला आणि दोन्ही वेळा रिसीव्हर ठेवून दिला. फोनवर मी पुन्हा सहज काहीतरी बोललो असतो. म्हणून हे जलद टपालाने पाठवतोय, शाईने, सही करून. सोबत आठवणीतून काढलेला नकाशा आहे. हा खरा आहे. पालिकेचा नकाशा उजेडासमोर धर, खांबांच्या कडांना शाई पसरलेली दिसेल.

तुला पानभर आठवण हवी होती. ही घे. वगळून वाचू नकोस.

अंद्रेय


ड्रमहिल
१३ ऑक्टोबर

अंद्रेय,

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. मी ते आधी आईला वाचून दाखवलं, कारण तिचा पलंग घराच्या मागच्या भागात आहे. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्याच्या आईला हे कळलं नाही, ते बरं झालं." आणि बटाटे सोलायला बसली.

कोलेसारबाईंनी पालिकेचा नकाशा खिडकीच्या काचेला लावला. खांबांच्या कडांना शाई पसरलेली दिसली. त्यांचं घर सेकंड स्ट्रीटवर, आमच्यापासून तिसरं. मग नकाशाची घडी करत म्हणाल्या, "झाडीत टेबलं न्यायला माणसं लागतील." त्यानंतर दोन दिवस त्या कोणावर ओरडल्या नाहीत. त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली.

मंच तसाच सोडला. यानो काकांनी आत कोणाला जाऊ दिलं नाही. पातेली दक्षिणेच्या खिडकीतून काढली.

शनिवारी ओढ्यापलीकडे एकशे बासष्ट माणसं जेवली, कोट घालून. लोणी गोठलं. मुलं गवतावर उभी राहून गायली. मग मी उठले आणि तुझं पत्र वाचलं. वगळलं काही नाही. हॅलोवेलसाहेबांचं नाव आलं तेव्हा कोणीतरी थुंकलं. तुझं आलं तेव्हा कोणी काही केलं नाही. मला वाटतं तेही तुला कळावं.

वाचून झालं. मग अगदी मागून म्हातारी मेरी बाल्को म्हणाली, "त्या आल्या होत्या बोर्डापुढे. अडतीस साली, थँक्सगिव्हिंगच्या आधी. माझा नवरा बोर्डात होता. घरी येऊन हसत सांगत होता, बाईंना आता फरशीतून आवाज ऐकू येतात म्हणे. मीही हसले." ती एवढंच बोलून खाली बसली. शेजारच्या बाईने तिच्या ताटात खसखशीच्या रोलचा तुकडा ठेवला, तो तिने खाल्ला नाही.

पाय आपटायचे होते, तिथे कोणी आपटले नाहीत. फादरांनी मेणबत्त्या विझवायला सांगितलं. लोक उठले आणि घरी निघाले. जायला दुसरी जागा नव्हती. पुलापर्यंत सगळे बोलत होते. पूल ओलांडून सेकंड स्ट्रीटला लागल्यावर कोणी बोलेना. सगळे रस्त्याच्या मधोमध, अंतर ठेवून, हळू चालत होते. कोलेसारबाई स्वतःच्या दाराशी आल्या आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधी थोड्या थांबल्या.

तू आलास तर यानो काका तुला घरात घेतील, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी घेईन का, ते मला आज माहीत नाही. तरी ये. खाणखात्याची माणसं बुधवारी येणार आहेत आणि त्यांना नकाशापेक्षा तो काढणारा माणूस हवा आहे.

काल, रविवारी, सकाळी सहाला इलोना उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, ऐक." पेट्रिकांच्या घरातून तीन ठोके आले. मग पलीकडच्या घरातून तीन. मग समोरून. कोणी पहारीने, कोणी झाडूच्या दांड्याने. रस्त्यात माणूस नव्हतं, फक्त घराघरातून ठोके, आणि प्रत्येक तिनांनंतर थोडी शांतता. आई आधीच उठली होती. तिने काठी घेतली. चुलीपुढे ठोकलं, तिथे आवाज भरीव आला. पलंगाखाली तसा आला नाही.

वेरोना